पावाचा कारखाना कोणत्या खान्यात बसतो? इंदूरच्या एका बेकरीघरातून

१०७११. पाव-ब्रेड बनवणाऱ्या कारखान्याचा भारतातला उद्योग-संकेतांक हा. ज्यांना फक्त आकडा हवा होता त्यांनी तो टिपून घ्यावा आणि भट्टीकडे जावं. पण इंदूरच्या कारखान्यांच्या वस्त्यांत, म्हणजे पालद्यात, सांवेर रोडवर किंवा पोलोग्राऊंडच्या शेडमध्ये, नुसता पाव भाजणारा कारखाना मला तरी अजून भेटलेला नाही. पावाबरोबर टोस्ट निघतात, शनिवार-रविवारी केक, दिवाळीला नानखटाई. रस्त्याच्या बाजूला एक काउंटर असतंच, आणि त्यावर दूध, शेव, थंड पेयंही विकली जातात. मग फॉर्म विचारतो, ‘मुख्य व्यवसाय कोणता?’ आणि आपण अडतो.

लग्न होऊन मी या बेकरीघरात आले तेव्हा कागदपत्रं माझ्या गळ्यात पडली, कारण बाकी सगळे पहाटे तीनला उठायचे आणि दुपारी झोपायचे. उद्यम नोंदणीचा, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा, पहिला अर्ज मीच भरला आणि मीच चुकवला. नानांना, म्हणजे सासऱ्यांना, विचारलं, ‘आपण काय करतो म्हणून लिहू?’ ते म्हणाले, ‘सूनबाई, पाव विकतो आपण.’ मी यादीत ‘विक्री’ शोधली, किरकोळ दुकानांचा ४७ ने सुरू होणारा आकडा सापडला, तोच टाकला. पुढे नव्या भट्टीसाठी कर्ज मागायला गेलो तेव्हा बँकेतल्या साहेबांनी प्रमाणपत्र पाहून विचारलं, ‘तुम्ही तर व्यापारी आहात, भट्टी कशाला हवी?’ त्यांचं काही चुकलं नव्हतं. आम्ही स्वतःच तसं लिहून दिलं होतं.

त्यानंतर या वर्गीकरणाच्या मागे लागले. लक्षात आलं ते असं: एकाच कारखान्याला सरकारची वेगवेगळी खाती वेगवेगळे आकडे लावतात, कारण प्रत्येकाचा प्रश्न वेगळा असतो. एनआयसी, म्हणजे उद्योगांच्या आकड्यांची सरकारी यादी, विचारते, तुमच्या छताखाली काम कोणतं चालतं? जीएसटीचा एचएसएन, म्हणजे मालाचा संकेतांक, विचारतो, पाकिटात काय आहे? अन्नसुरक्षेचं खातं विचारतं, खाणाऱ्याच्या पोटात काय जाणार? प्रदूषण मंडळ धुराड्याकडे बघतं. या याद्या एकमेकींत मिसळल्या की घोटाळा झालाच.

पहिली पायरी: फॉर्म बाजूला, वही पुढे

एक महिनाभर साधी वही ठेवा. प्रत्येक मालासमोर तीन गोष्टी लिहा: कारखान्यात काय आलं, इथे त्याचं काय केलं, आणि बाहेर काय गेलं. ‘मैदा, यीस्ट, मीठ, तेल आलं, मळलं, फुगवलं, साच्यात भाजलं, कापलं, पाकिटात भरलं, ४०० ग्रॅमचा ब्रेड गेला’, ही झाली उत्पादनाची ओळ. ‘शेवेची पाकिटं आली, काउंटरवर ठेवली, शेवेची पाकिटं गेली’, हा व्यापार. मधल्या रकान्यात काही घडलंच नसेल, तर ते उत्पादन नव्हे, मग बोर्डावर ‘फॅक्टरी’ लिहिलेलं का असेना.

त्याच वहीत रोजचं वजनही किलोत मांडा. आमच्याकडे सगळा हिशेब क्रेटमध्ये चालायचा आणि सरकारी फॉर्मवर कुठेही क्रेट नसतो. ४०० ग्रॅमचे अडीच हजार ब्रेड म्हणजे एक टन. हे गणित पुढे दोनदा लागणार आहे.

दुसरी पायरी: एनआयसीची शिडी उतरणे

एनआयसी म्हणजे राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण. उद्यम पोर्टलवर चालते ती २००८ ची आवृत्ती, आणि तिचे पहिले चार अंक संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक वर्गीकरणाच्या चौथ्या आवृत्तीला धरून आहेत. पाचवा अंक आपल्या देशाचा. वरून खाली उतरायचं: ‘सी’ हा विभाग उत्पादनाचा. त्यात १० म्हणजे खाद्यपदार्थ. १०७ म्हणजे इतर खाद्यपदार्थ. १०७१ म्हणजे बेकरीचा माल. आणि तळाशी तीन दारं:

१०७११: ब्रेड
१०७१२: बिस्किटं, केक, पेस्ट्री, टोस्ट वगैरे
१०७१९: बेकरीचा उरलेला, कुठेच न बसणारा माल

टोस्टवाल्यांनी इथे जरा थांबावं. टोस्ट हा पावच पुन्हा भाजून केलेला, म्हणून तो पावाच्या खान्यात असेल असं आपल्याला वाटतं. यादी तसं मानत नाही. तो बिस्किटांच्या पंगतीत बसतो. सकाळी पाव आणि संध्याकाळी टोस्ट काढणाऱ्याला म्हणून दोन आकडे लागतात.

फॅक्टरी मोठी की छोटी, याने या यादीत काहीच फरक पडत नाही. लाकडाची भट्टी आणि चार माणसं असोत किंवा लांबलचक टनेल ओव्हन आणि स्वयंचलित स्लायसर, आकडा तोच. अमेरिकेत मात्र असा भेद आहे: त्यांच्या वर्गीकरणात जागेवरच भाजून तिथल्याच गिऱ्हाइकाला विकणारी बेकरी ३११८११ मध्ये आणि दुकानांना माल पुरवणारी कारखानदारी बेकरी ३११८१२ मध्ये येते. इंटरनेटवर शोधलं की नेमके हेच सहा अंकी आकडे वर येतात, आणि आपले लोक ते उद्यमच्या खिडकीत टाकून बसतात. तिकडच्या एखाद्या खरेदीदाराने विचारले तर द्यावेत. एरवी त्यांचा इंदुरात उपयोग नाही.

स्वतःचा माल स्वतःच्या काउंटरवर विकल्याने तुम्ही दुकानदार होत नाही, हेही लक्षात असू द्या. जागेवर बनवून थेट गिऱ्हाइकाला विकणारी बेकरी जागतिक वर्गीकरणाने स्पष्टपणे उत्पादनातच धरली आहे. मला हे आधी माहीत असतं तर ४७ चा आकडा सुचलाच नसता.

आता शेजारची दारं, कारण चुका तिथेच होतात. केकचं तयार मिश्रण किंवा पिझ्झाचं नुसतं मळलेलं पीठ विकत असाल आणि भाजत नसाल, तर तुम्ही बेकरीवाले नाही. तो माल पीठगिरण्यांच्या १०६१ मध्ये जातो. शेवया, नूडल्स, मॅकरोनी १०७४ मध्ये. गोठवलेला तयार पिझ्झा १०७५ मध्ये, तयार जेवणाच्या रांगेत. बटाट्याचे वेफर्स फळं-भाज्यांवर प्रक्रिया करणाऱ्यांच्या १०३० मध्ये. आणि दुसऱ्याने बनवलेले बन, पॅटिस नुसते गरम करून गिऱ्हाइकाच्या हातात देणारा हा ५६ मध्ये, म्हणजे खानपान सेवेत. इंदूरच्या ‘छप्पन दुकान’ या खाऊगल्लीत ओव्हन दिसला म्हणजे तिथे बेकरी उत्पादन चालतं असं नाही. उलट, भाजून मग गोठवलेले बन १०७१ मध्येच राहतात.

जुन्या कागदांत १५४११ दिसला तर घाबरू नका. २००८ च्या आधीच्या यादीत बेकरीचा वर्ग १५४१ होता. आकडा जुना आहे, धंदा तोच.

तिसरी पायरी: ‘मुख्य’ काय ते मोजून ठरवणे

इथे बहुतेक जण विक्रीचा आकडा पाहतात आणि फसतात. वर्गीकरणाचं तत्त्व मूल्यवर्धनाचं आहे, म्हणजे तुमच्या हातून मालाची किंमत किती वाढली. विक्रीतून कच्चा माल, पॅकिंग, इंधन, वीज अशी बाहेरून घेतलेली वस्तू वजा करा. उरते ती तुमची भर. मजुरी वजा करायची नाही, कारण ती भरीचाच भाग.

एक उदाहरण घेऊ, आकडे समजण्यापुरते. वर्षाला पाव-ब्रेडची विक्री ४५ लाख, त्यात बाहेरून घेतलेलं ३३ लाखांचं, भर १२ लाख. टोस्ट-केकची विक्री २५ लाख, बाहेरचं १५, भर १० लाख. काउंटरवरच्या परक्या मालाची विक्री ८४ लाख, खरेदी ७० लाख, भर १४ लाख. विक्री पाहिली तर हा माणूस सरळसरळ दुकानदार. तिन्ही भरींत सगळ्यात मोठी एकटी भरही दुकानाचीच. तरीही तो दुकानदार नाही! कारण शिडी वरून उतरायची असते. आधी विभाग ठरतो: उत्पादनाची भर १२ आणि १० मिळून २२, व्यापाराची १४. उत्पादन जिंकलं. मग त्याच्या आत उतरायचं, १०, १०७, १०७१, आणि शेवटी पाव १२ विरुद्ध टोस्ट-केक १०. मुख्य आकडा १०७११. व्यापार कितीही फुगलेला दिसला तरी तो पहिल्याच पायरीवर बाद झालेला असतो.

हे गणित वर्षभराच्या हिशेबावर करा. डिसेंबरच्या केकवर केलंत तर वर्षभर केकवाले ठराल.

दुसऱ्याच्या नावाने पाव बनवून देणाऱ्यांची गोष्ट थोडी निराळी, आणि इंदुरात हे काम बरंच चालतं. मैदा त्याचा, पाकीट त्याचं, भट्टी आणि माणसं तुमची, तुम्हाला नगावर मजुरी: तरी तुम्ही उत्पादकच, १०७११. ज्याचं नाव पाकिटावर आहे तो मात्र कच्च्या मालाचा मालक असेल तरच उत्पादक. त्याने तुमच्याकडून तयार पाव विकत घेतला आणि वर नुसतं आपलं नाव लावलं, तर तो व्यापारी. या वादात आपला कारखाना सुरक्षित बाजूला असतो, म्हणून करारात कच्चा माल कुणाचा ते एका ओळीत लिहून घ्या.

चौथी पायरी: उद्यमवर आकडे चढवणे

पोर्टलवर आधी मुख्य प्रकार निवडावा लागतो: उत्पादन, सेवा की व्यापार. मग दोन अंकी, चार अंकी, पाच अंकी अशा याद्या एकीतून एक उघडतात. एका उद्योगाला एकच उद्यम नोंदणी मिळते, पण तिच्यात आकडे कितीही जोडता येतात. म्हणून १०७११ पहिला, १०७१२ दुसरा, आणि बाहेरचा माल विकत असाल तर खाद्यपदार्थांच्या किरकोळ दुकानांच्या ४७२१ मधला योग्य पाच अंकी आकडा शेवटी. नोंदणी फुकट आहे. सायबर कॅफेवाला ‘सरकारी फी’ मागत असेल तर ती त्याची स्वतःची आहे.

‘व्यापार’ निवडल्याने काय बिघडतं? २ जुलै २०२१ पासून किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांनाही उद्यममध्ये घेतलं गेलं, पण त्यांना लाभ फक्त बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरता. बाकीच्या योजना उत्पादन आणि सेवावाल्यांसाठी. उत्पादन आणि सेवा यांतही फरक आहेच: पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात २०२२ पासून उत्पादनाच्या नव्या प्रकल्पाला ५० लाखांची मर्यादा आहे, सेवेला २० लाखांची. डेक ओव्हन, प्रूफर, स्पायरल मिक्सर आणि स्लायसर यांची कोटेशन्स समोर ठेवली की ३० लाखांचा हा फरक काय ते कळतं.

आकाराचं वर्गीकरण पोर्टल आपोआप करतं. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म म्हणजे यंत्रसामग्री अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत. लघु २५ आणि १०० कोटी. मध्यम १२५ आणि ५०० कोटी. दोन्ही अटी एकदम पाळाव्या लागतात. यंत्रांत जमीन आणि इमारत धरत नाहीत.

आकार आणि पाव यांचं नातं एकेकाळी फार घट्ट होतं. एप्रिल २०१५ पर्यंत ब्रेड हा लघुउद्योगांसाठी राखीव ठेवलेला माल होता. राखीव यादीत अगदी शेवटी उरलेल्या २० वस्तूंत लोणचं, मेणबत्ती, काचेच्या बांगड्या यांच्याबरोबर तोही होता. त्या काळी कागदावर तुम्ही ‘लघु’ आहात की नाही यावर धंदा करता येईल की नाही हेच ठरायचं. नाना अजून ‘एसएसआय नंबर’, म्हणजे लघुउद्योगाचा नंबर, म्हणतात ते त्यामुळे.

आकडा चुकला असेल तर नवी नोंदणी करू नका. त्याच पोर्टलवर दुरुस्तीची सोय आहे, आधारवर ओटीपी येतो. आमची चूक एका दुपारी सुधारली. ती कळायलाच दोन वर्षं गेली होती.

कंपनी काढणार असाल तर तिथे दुरुस्ती इतकी सोपी नाही. कंपनीच्या ओळख-क्रमांकात पहिल्या अक्षरानंतर येणारे पाच अंक म्हणजे उद्योगाचा आकडाच, त्यामागे राज्य आणि वर्ष. तो क्रमांक लेटरहेडपासून सगळीकडे छापला जातो. सीएला ‘तुम्हीच टाका’ म्हणून सोडू नका.

आणि आयकराच्या विवरणपत्रातला धंद्याचा संकेतांक? तोही पाच अंकी दिसतो, पण ती यादी आयकर खात्याची स्वतःची आहे. १०७११ तिथे शोधू नका.

पाचवी पायरी: जीएसटी, जिथे पाव आणि केक वेगळे होतात

बेकरीचा जवळजवळ सगळा माल एचएसएन १९०५ मध्ये येतो. टोस्टचा १९०५४०००, केक-पेस्ट्रीचा १९०५९०१०, आणि साधा ब्रेड उरलेल्यांच्या १९०५९०९० मध्ये. उलाढाल पाच कोटींपर्यंत असेल तर व्यापाऱ्याला दिलेल्या बिलावर चार अंक पुरतात, वर गेली की सहा.

ब्रेडवर कर शून्य, ब्रँडचं पाकीट असो की सुटा. २२ सप्टेंबर २०२५ पासून पिझ्झा ब्रेडही शून्यावर आला आणि केक, पेस्ट्री, बिस्किटं १८ टक्क्यांवरून ५ वर उतरली. टोस्ट आधीपासूनच ५ टक्क्यांत होता. २०२४ मध्ये कोईमतूरच्या एका हॉटेलवाल्याने अर्थमंत्र्यांसमोर बन आणि क्रीम बनची तक्रार मांडली होती, बनला कर नाही आणि आत क्रीम गेलं की १८ टक्के. ते अंतर आता ५ वर आलंय, पण वाद मिटलेला नाही: भरलेला, गोड, लोणी लावलेला पाव ‘ब्रेड’ की ‘बेकरीचा इतर माल’, हे तुमच्या सीएकडून लेखी घ्या.

खरा सापळा पुढेच आहे. नुसता करमुक्त माल विकणाऱ्याला जीएसटी नोंदणी घ्यावी लागत नाही, उलाढाल कोटीत असली तरी. पण ‘नुसता’ या शब्दावर सगळं उभं आहे. वस्तूंसाठीची ४० लाखांची मर्यादा मोजताना करमुक्त विक्रीही धरतात. म्हणजे वर्षाला ९० लाखांचा ब्रेड आणि दहा हजारांचे टोस्ट विकले, तर नोंदणी आली. ‘टोस्ट फक्त उरलेल्या पावाचे करतो, भिया’, हे सांगून सुटका नाही. रिकाम्या झालेल्या तेलाच्या डब्यांची भंगार विक्रीही याच नजरेने पाहा.

नोंदणी झाली की दुसरं दुखणं: करमुक्त पावासाठी घेतलेल्या मालावर भरलेला कर परत मिळत नाही. पॅकिंगची पिशवी, यंत्र, सुटे भाग यांच्यावरचा कर पाव आणि टोस्टच्या विक्रीच्या प्रमाणात वाटून फक्त टोस्टच्या वाट्याचा घ्यायचा. पहिल्या पायरीतली वही इथे पुन्हा उघडावी लागते. ज्यांनी ती ठेवली नाही ते सगळाच कर घेतात आणि मग नोटीस आली की व्याजासकट परत करतात.

सहावी पायरी: बाकीची खाती, भराभर

अन्नसुरक्षेच्या यादीत बेकरी ०७ मध्ये. साधा माल ०७.१, त्यात पाव आणि रोल ०७.१.१, केक वगैरे ०७.२. परवान्यात जो गट नाही तो माल बनवू नये, म्हणून केक पुढच्या वर्षी करणार असाल तरी जोडून ठेवा. २०११ च्या नियमांनी परवान्याचा दर्जा वजनावर बांधला: रोज १०० किलोपर्यंत साधी नोंदणी, दोन टनांपर्यंत राज्याचा परवाना, वर केंद्राचा. ४०० ग्रॅमच्या ब्रेडमध्ये सांगायचं तर २५० आणि ५,०००. अर्ज भरताना पोर्टल जी मर्यादा दाखवील तीच धरा.

प्रदूषण मंडळाची भाषा रंगांची: हिरवा म्हणजे कमी प्रदूषण, नारिंगी म्हणजे त्याहून जास्त. २०१६ च्या यादीत गॅस किंवा विजेच्या भट्टीची, रोज एक टनाखालची बेकरी हिरव्या गटात होती आणि एक टनावरची नारिंगी. २०२५ मध्ये यादी सुधारली, तेव्हा अर्जाच्या दिवशीची यादी पाहा. इथे क्षमता विचारतात, प्रत्यक्ष उत्पादन नव्हे. ओव्हनच्या कोटेशनवर विक्रेत्याने फुगवून लिहिलेली क्षमता तशीच उतरवली तर हिरव्याचे नारिंगी व्हाल.

कामगार: जुन्या कारखाना कायद्यात वीज वापरून १० कामगार असले की ‘कारखाना’. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत तो आकडा २० आहे, विजेशिवाय ४०. कर्मचारी विमा मात्र १० वरच लागतो, भविष्य निर्वाह निधी २० वर. पहाटेची आणि रात्रीची पाळी दोन्ही मोजायच्या.

वीज: आपल्याकडच्या पश्चिम क्षेत्र वितरण कंपनीच्या दरपत्रकात लघुदाबाचे उद्योग एलव्ही-४ मध्ये आणि दुकानं-कार्यालयं एलव्ही-२ मध्ये. काउंटर आणि भट्टी एकाच मीटरवर ठेवू नका. तपासणीला आलेला माणूस काउंटर आधी पाहतो. उद्यम प्रमाणपत्रावर १०७११ असलेली प्रत त्या अर्जाला जोडली की बोलणं लवकर आटोपतं.

बडोद्याला माझ्या मावसभावाची बेकरी आहे. त्याचं वीज मंडळ वेगळं, प्रदूषण मंडळ वेगळं, पोर्टलं वेगळी. एनआयसी, एचएसएन आणि अन्नसुरक्षेचे गट मात्र तिथेही हेच, कारण ते देशभर एक आहेत. एवढं वेगळं काढता आलं की दुसऱ्या राज्यातल्याचा सल्ला कुठवर घ्यायचा ते कळतं.

आमच्या ऑफिसच्या कपाटाच्या दाराला आतून एक पुठ्ठा चिकटवलेला आहे. डावीकडे मालाचं नाव, मग एनआयसी, एचएसएन, कराचा दर, अन्नसुरक्षेचा गट, आणि खाली दिवसाची क्षमता टनात. कोणताही अर्ज आला की आधी तो पुठ्ठा. गेल्या काही वर्षांत त्यातला कराच्या दराचा रकाना तेवढा खोडून नव्याने लिहावा लागला, सप्टेंबर २०२५ मध्ये. नानांनी त्यात शेवटी पेन्सिलीने एक ओळ घातली आहे, ‘परतीचा माल: खाना नाही.’ शिळा होऊन परत आलेला ब्रेड आम्ही गुरांसाठी देतो. पैसे घेऊन द्यायला लागलो तर त्याचाही खाना शोधावा लागेल.